नवं-जुनं

आमच्या आणि अक्कांच्या घरामधलं कुंपण हे नावालाच कुंपण आहे. मेंदी लावली होती, ती निम्मी वाळवीनं खाल्ली. उरलेल्या निम्मीत अक्कांनी कढीपत्ता घुसवला आणि मधोमध हातभर रुंदीचं खिंडार राहिलं. त्यातून गेली सत्तावीस वर्षं वाट्या, डबे, विरजण, पेपरच्या पुरवण्या आणि सांगलीच्या अख्ख्या विश्रामबागेच्या बातम्या ये-जा करताहेत. आमचे हे त्याला वाघा बॉर्डर म्हणतात. अक्का म्हणतात, "काय का म्हणा, जकात न्हाई त्याच्यावर."

२०२५ सालची १ फेब्रुवारी शनिवारी आली होती. माघी गणेश जयंती आणि केंद्राचं बजेट एकाच दिवशी. मी मोदकांचं सारण हलवत होते आणि हे अकरापासून टीव्हीसमोर मांडी घालून बसले होते. बारा वाजून गेल्यावर बाहेरून आरोळी आली, "बारा लाख!" मला वाटलं कुणाला तरी लुटलं. बाहेर येऊन पाहते तर हे कॅल्क्युलेटर शोधताहेत. निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या घरात देवघराइतकाच कॅल्क्युलेटर जागेवर असायला हवा, आणि तो नसला की माझी चूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिंडारातून मोदकांचा डबा दिला आणि आरोळीची गोष्टही सांगितली.

"ऐकू आली की ओ आमच्यापर्यंत," अक्का म्हणाल्या. "बारा लाखापर्यंत टॅक्स न्हाई म्हणं. मग साहेबांचं किती वाचलं?"

हे व्हरांड्यातच होते. त्यांना विचारावं लागलंच नाही. "पेन्शन आणि एफडीचं व्याज धरून साडेदहा लाख. त्यातून पंच्याहत्तर हजारांची प्रमाणित वजावट. राहिले पावणेदहा. जुन्या हिशेबानं सेससकट ४९,४०० रुपये कर बसायचा. एक एप्रिलपासून शून्य."

"म्हणजे पन्नास हजारच की."

"४९,४००," ह्यांनी दुरुस्ती केली.

अक्का थोडा वेळ मोदकाची कळी न्याहाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "पन्नास हजार. आमच्या दिरालाबी एकदा पन्नास मिळाले होते, आठवतंय का साहेबांना?"

मी चटकन कढीपत्त्याची पानं तोडायला लागले. मला चांगलंच आठवत होतं.

अक्कांच्या दिरांची तासगावकडे द्राक्षाची बाग आहे. माणूस असा, की मार्च आला की दुसरं काही सुचत नाही. सोसायटीचं कर्ज तारखेच्या आत भरायचं म्हणजे भरायचं. २०१७ ला शेतकऱ्यांचा संप झाला, पुणतांब्याचं नाव घरोघरी गेलं, मग दीड लाखापर्यंतची माफी आली. ती थकलेल्यांना. दिरांनी वेळेवर भरलेलं, म्हणून पंचवीस हजारांवर बोळवण. २०१९ च्या डिसेंबरात पुन्हा आली, दोन लाखापर्यंत. तीही थकलेल्यांनाच. दिरांच्या शेजारच्या बागेचं कर्ज माफ झालं, दिरांना नुसती शाबासकी. नियमित भरणाऱ्यांना पन्नास हजार देऊ म्हणून सांगितलं होतं, ते हातात पडायला २०२२ उजाडलं. आणि ते पडले त्या दिवशी आमच्या व्हरांड्यात काय भाषण झालं होतं! "करदात्यांच्या पैशांवर दिवाळी." आवाज कुंपणापलीकडे जाईल एवढा. अक्का त्या आठवड्यात डबा द्यायला आल्या नव्हत्या.

"तेव्हा साहेब म्हणाले होते, फुकटचे," अक्का अगदी गोड आवाजात म्हणाल्या. "मग हे पन्नास काय कष्टाचे?"

"अहो अक्का, हा माझाच पैसा आहे. सरकारनं घेतला नाही एवढंच."

"मग आमचा कुणाचा होता? औषधाच्या प्रत्येक बाटलीवर १८ टक्के जीएसटी देतोय आम्ही. बागेला हंगामात किती फवारण्या लागतात, या एकदा मोजायला. बिलं आणून दाखवू?"

ह्यांनी पेपर उघडला. पेपर उघडणं म्हणजे आमच्याकडे पांढरं निशाण.

पण अक्कांचा मुद्दा संपला नव्हता. "बजेटात आमचं काय, म्हणून दीर रात्री फोन करून विचारत होते. मी म्हटलं, टीव्हीवर सांगितलंय की, किसान कार्डाची मर्यादा तीन लाखांवरनं पाच लाख केली. तर म्हणतात कसे, वहिनी, म्हणजे पगारवाल्याला सूट आणि आपल्याला आणखी कर्ज व्हय?"

यावर मला हसू आलं. पेपरामागून मात्र काही आलं नाही.

मी तीस वर्षं मराठी शिकवलं. त्यामुळे माझं लक्ष आकड्यांपेक्षा शब्दांवर जातं, हा माझा दोष म्हणा. पगारदाराला मिळते ती 'सवलत'. कंपनीला मिळतं ते 'प्रोत्साहन'. बँकेला मिळतं त्याचं नाव तर एका दमात म्हणता येत नाही, 'पुनर्भांडवलीकरण'. आणि शेतकऱ्याला मिळते ती 'माफी'. माफी कुणाला करतात? ज्यानं गुन्हा केला त्याला. वर्गात उशिरा आलेला मुलगा माफी मागतो. शरद जोशींची शेतकरी संघटना म्हणूनच 'कर्जमुक्ती' म्हणायची. भाव पाडून सरकारनंच आम्हाला कर्जात घातलं, मग माफी कुणी कुणाला करायची, असा त्यांचा सवाल होता. २०१९ च्या योजनेच्या नावात कर्जमुक्ती हाच शब्द आला. पण पेपरात, बाजारात आणि आमच्या व्हरांड्यात तो अजून आलेला नाही.

हे सगळं मी अक्कांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बाई, नाव काय बी ठेवा, पैसे खात्यात पडले म्हणजे झालं." शिक्षकी पेशातल्या माणसाला असं अधूनमधून ऐकून घ्यावं लागतं.

तेवढ्यात पेपर खाली झाला. "प्रश्न पैशांचा नाही अक्का. प्रश्न पतशिस्तीचा आहे. एकदा माफी दिली की पुढच्या वेळी माणूस भरतच नाही. वाट बघत बसतो. आम्ही ते शाखेत बसून पाहिलंय."

ते खोटं बोलत नव्हते. २००८ साली ह्यांची बदली यवतमाळकडे होती. त्या वर्षी २९ फेब्रुवारीला अर्थमंत्री चिदंबरम यांनी ६०,००० कोटींची माफी जाहीर केली आणि मग ह्यांच्या टेबलावर याद्यांचा ढीग. दोन हेक्टरपर्यंत जमीन असेल त्याला सगळं माफ. त्यापुढे गेला तर पंचवीस टक्के सूट, तीही उरलेले पंच्याहत्तर टक्के भरले तर. रात्री फोनवर हे जे सांगायचे, ते मी विसरलेले नाही. सहा एकर कोरडवाहू कापूसवाला टेबलासमोर उभा. पाऊस पडला तर पीक, नाही तर नुसती ढेकळं. तो यादीबाहेर. आणि आपल्याकडे ज्याच्याकडे चार एकर पाण्याखालचा ऊस, तो यादीत, पूर्ण माफ. "ह्या माणसाला मी काय सांगू?" असं हे फोनवर विचारायचे. पतशिस्तीचं भाषण त्या वर्षी एकदाही झालं नाही. सांगलीला परत आल्यावर ते हळूहळू परत आलं, जशी नोकरीतली ढेरी परत येते तसं.

अक्कांनी हे ऐकलेलं होतं. त्या म्हणाल्या, "भरत न्हाईत म्हणता, पण मोठ्यांचं काय? ते भरतात व्हय?"

"त्यांचं राइट ऑफ होतं, माफ नाही," हे घाईनं म्हणाले. "राइट ऑफ म्हणजे बुडीत कर्ज ताळेबंदातून बाजूला काढायचं. वसुली चालूच असते. कर्ज संपत नाही. लोकांना फरक कळत नाही."

"किती काढलं असं बाजूला?"

बँकेच्या माणसाला आकडा विचारला की तो खोटं बोलू शकत नाही. "२०२३ मध्ये लोकसभेत सांगितलं होतं. नऊ वर्षांत १४.५६ लाख कोटी."

"आणि वसूल?"

"... दोन लाख कोटींच्या आसपास."

अक्कांनी बोटांवर काहीतरी मोजलं. लाख कोटींत बोटं पुरत नाहीत, पण अक्कांना उत्तर मिळालं असावं. "मग हे बाजूला काढलेलं दिराचंबी बाजूला काढा की. वसुली चालू ठेवा. आमचं काय म्हणणं न्हाई."

हे म्हणाले, "बँका बुडाल्या असत्या तर तुमच्या ठेवी बुडाल्या असत्या. म्हणून २०१७ च्या ऑक्टोबरात सरकारनं बँकांना २.११ लाख कोटींचं भांडवल जाहीर केलं. ते देशासाठी."

"देशासाठीच की. आम्ही काय पाकिस्तानात द्राक्षं लावतो?"

या ठिकाणी मी मध्ये पडायला हवं होतं. पण खरं सांगते, मला मजा येत होती. आणि ह्यांनी स्वतःहून पुढचा विषय काढला, तो म्हणजे कंपन्यांचा कर. २०१९ च्या २० सप्टेंबरला अर्थमंत्री निर्मलाबाई जीएसटीच्या बैठकीसाठी पणजीला गेल्या होत्या आणि बैठकीआधीच त्यांनी कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. वर्षाचे १.४५ लाख कोटी सोडले. शेअर बाजार एका दिवसात १,९०० अंशांनी उसळला. हे त्या दिवशी असेच ओरडले होते, कारण थोडे शेअर आमच्याकडेही होते. "त्यातून कारखाने येतात, रोजगार येतो," हे म्हणाले. अक्का म्हणाल्या, "गोव्यात जाऊन सांगितलं व्हय? तरीच." त्या 'तरीच'चा अर्थ मी विचारला नाही.

इथंच हे शहाण्यासारखे गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी एक वाक्य टाकलं. "आमच्या घराण्यात आजवर सरकारकडून कुणी काही फुकट घेतलेलं नाही."

अक्कांनी डब्याचं झाकण लावलं. सावकाश. मग म्हणाल्या, "तुमच्या वडिलांच्याकडं ते करमुक्त रोखे होते न्हवं? युनिटचे?"

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते. एके काळी निवृत्त मास्तरांचा, कारकुनांचा आणि विधवा बायकांचा भरवसा युनिट चौसष्ट या गुंतवणूक योजनेवर होता. ते सरकारीच आहे असं सगळे धरून चालायचे. २००१ च्या जुलैत त्याची खरेदी-विक्री थांबली आणि आमच्या गल्लीत लोक एकमेकांकडे बघायचे थांबले, कारण कुणाचे किती आहेत हे तोंडावर दिसायचं. मग सरकार मध्ये पडलं. पहिल्या पाच हजार युनिटांना १२ रुपये, त्यापुढच्यांना १० असा भाव बांधून दिला. युनिटची बाजारातली खरी किंमत तेव्हा त्याच्या निम्म्यावर आली होती. ज्यांना रोख नको होतं त्यांना पाच वर्षांचे ६.७५ टक्के करमुक्त रोखे. मामंजींनी रोखे घेतले. व्याज आलं की त्यातून नातवाला सायकल आली, पुढे दरवर्षी दिवाळीचा फराळ.

आणि ते रोखे संपले कधी? २००८ च्या मे महिन्यात. म्हणजे ज्या महिन्यांत मामंजी रोज सकाळी चहाबरोबर कर्जमाफीवर तोंडसुख घेत होते, त्याच महिन्यांत. मी सून, चहा गाळत होते. तेव्हा मला दोन्ही गोष्टी एका कपात दिसल्या नव्हत्या. अक्कांना सतरा वर्षांनी दिसल्या, तेही कुंपणापलीकडून.

"ती मदत नव्हती," हे म्हणाले. "तो विश्वासाचा प्रश्न होता."

"व्हय की," अक्का म्हणाल्या. "विश्वास म्हणजे फार महाग चीज."

यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. विषय बदलावा म्हणून मी अमेरिकेचं काढलं. तिकडेही हेच चालतं. २०२० मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, तिथल्या सरकारनं माणशी १,२०० डॉलर घरी पाठवले. चेकवर राष्ट्राध्यक्षांचं नाव छापलेलं. आमच्या मुलाचा कर तिथं वेळच्या वेळी कापला जातो. पण सुनेचा व्हिसा अवलंबितांचा, तिच्याकडे त्यांचा तो सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आणि दोघं कर एकत्र भरतात. तेवढ्यावर नियमानं दोघंही बाद. तिला नाही ते समजण्यासारखं, पण त्यालाही नाही! वर्षाअखेरीस कायदा बदलला आणि त्याला त्याचे मिळाले.

अक्का डोळे मोठे करून ऐकत होत्या. "म्हणजे तिथंबी पात्र-अपात्रच्या याद्या लागतात? मला वाटलं ते फक्त आमच्या सोसायटीच्या फळ्यावर."

एवढ्यात भांड्यांच्या मावशी आल्या. उशिरा. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर, उशीर पाहून माझ्या तोंडूनही तेच निघालं जे आमच्या कॉलनीत २०२४ च्या जुलैपासून घरोघरी निघतंय. "लाडकी बहीण झाल्यापासून तुम्हाला कामाची पर्वाच राहिली नाही हो मावशी."

मावशींनी पदर खोचला. मला त्यांचा राग आलेला दिसला नाही, आणि मला वाटतं म्हणूनच त्यांचं बोलणं इतकं लागलं.

"बाई, तुम्ही महिन्याला किती देता? बाराशे. दोन वेळची भांडी. सरकार देतंय पंधराशे, एक बशी न घासता. मग मला तुमचे बाराशे कमी वाटणार का न्हाई?"

अक्का खिंडारात हसल्या. मी म्हटलं, "पण ते कुठून येतात माहितेय का? आमच्या करातून."

"तुमचा कर तर माफ झाला न्हवं? साहेब काल ओरडले तेव्हा मी बाहेरच होते की."

तेव्हापासून मी मावशींना अठराशे देते. ही सवलत, प्रोत्साहन की माफी, हे मी अजून ठरवलेलं नाही. मावशी म्हणतात, निवडणुकीत एकवीसशे म्हणाले होते, ते आले की पुन्हा बोलू.

पुढची गोष्ट मार्चमधली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत कर्जमाफीचंही आश्वासन दिलेलं होतं, त्यामुळे त्या वर्षी सोसायट्यांत कुणी भरायला तयार नव्हतं. देणार आहेत तर कशाला भरायचं? ह्यांची पतशिस्त तंतोतंत खरी ठरत होती, आणि गंमत अशी की दिरांनीही त्या वर्षी पहिल्यांदाच थांबायचं ठरवलं होतं. दोनदा वेळेवर भरून हात हलवत बसलेला माणूस तिसऱ्यांदा शहाणा होणारच. शिवाय ज्या दलालानं माल नेला त्याचे पैसे अडकलेले.

२८ मार्चला उपमुख्यमंत्री अजितदादांनी सांगून टाकलं, की पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरा, तूर्त माफी नाही. रविवारी पाडवा, सोमवारी ईद. म्हणजे भरायचं तर शनिवारी दुपारपर्यंतच. तारीख चुकली की थकबाकीदार. आणि थकबाकीदार झालं की तीन लाखापर्यंतच्या पीककर्जाला जे व्याज लागत नाही, ते लागू होतं.

शुक्रवारी रात्री साडेनऊला खिंडारात बॅटरीचा उजेड दिसला. अक्का इतक्या रात्री कधी येत नाहीत. त्यांचा आवाजही खालचा होता.

"बाई, नवं-जुनं करायचंय. सगळीकडनं गोळा केलं, पन्नास कमी पडतात. आठ दिवसांत नवीन कर्ज उचललं की परत."

नवं-जुनं म्हणजे काय हे सांगलीत कुणाला सांगावं लागत नाही. शनिवारी जुनं कर्ज भरायचं, एप्रिलात तेवढंच नवीन काढायचं, त्यातून ज्यांच्याकडून उसने आणले त्यांचे फेडायचे. कागदावर शेतकरी नियमित, बँकेची वसुली शंभर टक्के. मधल्या आठ दिवसांचं ओझं कुणाच्या तरी कुंपणावर.

मी ह्यांना हाक मारली. ते आले, ऐकलं, आणि चष्मा कपाळावर सरकवला. मला वाटलं आता भाषण. पण त्यांनी फक्त विचारलं, "खातं कुठल्या बँकेत?"

अक्कांनी पासबुक आणलंच होतं. हे मोबाइलवर आकडे टाकत होते, एक-एक आकडा दोनदा तपासत, शाखेत बसल्यासारखे. ४९,४०० नव्हे, पूर्ण पन्नास. करातली सूट अजून सुरूही झाली नव्हती. ती एक एप्रिलपासून.

"समजा आठ दिवसांत नाही जमलं तर?" हे शेवटी म्हणालेच. सवय.

अक्कांनी बॅटरी बंद केली. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाज पुन्हा जागेवर आला होता.

"तर मग राइट ऑफ करा की साहेब. माफी न्हवं ती, तुम्हीच सांगितलंय."